मुकादमाची हजेरी

राजाराम परब सत्याग्रहाला निघाला तेव्हा त्याने शामरावांच्या हवाली तीन गोष्टी केल्या: एक कुत्रा, एक सुंभाची दोरी आणि काळ्या तेलाने भरलेला डालड्याचा डबा. कुत्र्याबद्दल तो फारसं बोलला नाही. तेलाबद्दल मात्र बराच वेळ बोलला.

"दर वर्सा नवरात्रात ह्येका खाज सुटता," तो म्हणाला. "पाय चाटता, पोट खाजयता, कान झाडता. तुमी घाबरा नको. दोन दिसांआड ह्या तेल चोळूचा. संक्रांतीपर्यंत साफ जाता. चार वर्सा मी ह्याच करतंय."

"कसलं तेल हे?" शामरावांनी विचारलं.

"मिलीतला. साच्यांचा वापरलेला तेल, नि वरसून मूठभर गंधक. लोखंडाचो गंज काढता शामराव, ही तर कुत्र्याची कातडी."

शामरावांना यावर काही विचारायचं होतं. पण काय विचारायचं ते नीट जुळेपर्यंत राजारामाने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, "आयतवारी शिवडीक न्या, तेका खाडी बघूक बरा वाटता," एवढं सांगितलं आणि तो जिना उतरून गेला. खाली त्याच्या साचेखात्यातली, मागांवर काम करणारी माणसं हार घेऊन उभी होती. भोईवाड्याच्या नाक्यापर्यंत घोषणा ऐकू येत होत्या. दिवाळी चार दिवसांवर होती, आणि ही तुकडी बेळगावच्या बाजूला जाणार होती, जिथे गेलेले लोक सरळ तुरुंगात जात होते.

शामराव त्याच मिलमध्ये टाइमकीपरच्या कचेरीत कारकून होते. वय त्रेपन्न, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, चाळीत एका खणाची खोली आणि खोलीभर पुस्तकं. संयुक्त महाराष्ट्र व्हावा असं त्यांना मनापासून वाटे, पण सभेत हात वर करायची वेळ आली की त्यांचा हात खांद्याशीच अडायचा. मोर्चाला ते एकदा गेले होते, तेही फुटपाथवरून. म्हणूनच राजारामाने कुत्रा ठेवता का असं विचारलं, तेव्हा त्यांना थोडं बरंच वाटलं होतं. एवढ्या मोठ्या चळवळीत आपल्या वाट्याला निदान एक कुत्रा आला.

कुत्र्याचं नाव मुकादम. तांबूस रंग, पांढरे पाय आणि एक कान कायम मुडपलेला. लहानपणी तो गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून प्रत्येक दारात थांबायचा, आत डोकावायचा, वास घ्यायचा आणि पुढे जायचा. साचेखात्यातल्या मुकादमाची हीच चाल होती, म्हणून सगळ्यांनी मिळून हे नाव ठेवलं. खरा मुकादम चिंचपोकळीला राहत असल्यामुळे त्यात कोणाला अडचण नव्हती.

शामरावांनी सांगितल्याप्रमाणे तेल चोळायला सुरुवात केली. माणूस तुरुंगात, त्याची एकच इच्छा, आणि तीही इतकी सोपी. दोन दिवसांआड ते जुना पंचा गुंडाळून मोरीत बसत आणि कुत्र्याला पोटाला, काखेत, पायांच्या बोटांत तेल लावत. खोलीला मिलचा वास सुटला. पुस्तकांना सुटला. कचेरीतल्या माणसांनी विचारलं, शामराव, खात्यात बदली झाली की काय.

मुकादम तेल लावून घेताना हलत नसे. नंतर मात्र तो कोपऱ्यात जाऊन एकेक पाय तोंडात धरी आणि सगळं तेल चाटून काढी. पहिल्या आठवड्यातच त्याने दोनदा ओकारी काढली. पांढरे पाय आधी काळे झाले होते, ते आता चाटून चाटून गंजासारखे तांबडे दिसू लागले. गळ्याजवळची कातडी सोलवटली, म्हणून शामरावांनी त्याचा पट्टा काढून खुंटीला टांगला. म्युनिसिपालिटीचा बिल्ला त्या पट्ट्यालाच होता.

"शामराव," शेजारच्या आनंदीबाई गॅलरीतून म्हणाल्या, "कुत्रं पाळलंय की रेल्वेचं इंजिन?"

आनंदीबाई मशेरी लावत दारात बसायच्या आणि अख्ख्या मजल्याचा कारभार तिथूनच बघायच्या. त्यांचा मुलगा आणि सून दोघं मिलमध्ये, आणि पाच वर्षांची नात शेवंती दिवसभर त्यांच्यापाशी.

"राजारामानं सांगितलंय लावायला," शामराव म्हणाले.

"सांगितलं म्हणून काय विहिरीत उडी टाकाल? लूत आहे ती. साधी सरळ लूत. आमच्या गावात असलं कुत्रं पोरांच्या वाऱ्याला उभं करत नाहीत."

शामरावांनी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आत येऊन ते विचार करत बसले. राजारामाकडे चार वर्षं हा कुत्रा नीट राहिला आणि आपल्याकडे आठ-दहा दिवसांत त्याची ही दशा झाली. म्हणजे चूक आपलीच. तेल कमी पडत असेल, किंवा जास्त होत असेल, किंवा चोळण्याची काही रीत असेल, जी राजारामाच्या हाताला ठाऊक होती आणि आपल्या नाही. दादरच्या वाचनालयातून त्यांनी जनावरांच्या रोगांवरचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात गाय होती, म्हैस होती, घोड्यावर तर तीन प्रकरणं होती. कुत्रा फक्त एकदा आला होता, पिसाळलेला.

मग त्यांनी त्यांना येणारी एकच गोष्ट केली. हजेरीचा कागद आखला.

कचेरीत त्यांचं तेवीस वर्षं हेच काम होतं. उभ्या रकान्यात तारखा, आडव्या ओळीत नावं, हजर असेल तर निळी रेघ, गैरहजर असेल तर लाल फुली. या कागदावर ओळ एकच होती: मुकादम. संध्याकाळी सात ते साडेसात शामराव हातातलं पुस्तक मिटून नुसते कुत्र्याकडे बघत बसत आणि तो जितक्या वेळा खाजवेल, चाटेल किंवा कान झाडेल, तितक्या बारीक रेघा ओढत. पहिल्या सोमवारी अडतीस रेघा झाल्या. मंगळवारी थोड्या कमी. शनिवारपर्यंत आकडा सतरावर आला, आणि शामरावांना वाटलं, तेलाला गुण येतोय. पुढच्या सोमवारी एक्केचाळीस.

त्या आठवड्यातही तसंच झालं. सोमवारी डोंगर, शनिवारी उतार. तिसऱ्या रविवारी शामरावांना ताप होता, ते घोंगडी घेऊन पडून राहिले आणि कुत्राही त्यांच्या पायाशी पडून राहिला. त्या सोमवारी रेघा एकोणीस भरल्या.

शामराव कागद दिव्याजवळ धरून बघत राहिले. मिलमध्ये एखाद्या माणसाच्या ओळीत सोमवारी लाल फुल्या दिसू लागल्या, की कचेरीत कोणाला विचारावं लागत नाही. रविवारी तो कुठे जातो ते सगळ्यांना समजतं. मुकादम रविवारी कुठे जात होता, हे शामरावांना तर चांगलंच ठाऊक होतं. इतर दिवशी ते त्याला कामावर जाण्याआधी नाक्यापर्यंत नेऊन आणत. रविवारी मात्र राजारामाच्या सांगण्याप्रमाणे शिवडीला, किल्ल्याच्या खालच्या मोकळ्या जागेत. तिथे पावसानंतर कमरेएवढं गवत माजलं होतं, त्याला तुरे आले होते, आणि मुकादम त्यातून पोहल्यासारखा जायचा. बाहेर आला की त्याच्या अंगावर पिवळसर भुकटी बसलेली असायची आणि तो शिंकायचा. शामराव हसायचे.

पण त्यांना खात्री वाटेना. ताप आपल्याला होता, तेव्हा रेघा मोजण्यात चूक झाली असेल. किंवा माणूस आजारी पाहून कुत्रा गप्प राहिला असेल. एका कागदावरून असं काही ठरवणारे आपण कोण? राजाराम चार वर्षं सांभाळतोय. आणि गवताने कुत्र्याला खाज सुटते असं कोणी कधी ऐकलंय?

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच बुधवारी आनंदीबाई शेवंतीला हाताला धरून दारात आल्या.

"बघा," त्यांनी पोरीचा हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. "रात्रभर खाजवते. तुमचं ते इंजिन हिच्या अंगाला लागलं, दुसरं काय!"

"ती... तिला कधीपासून..."

"ते मला नका विचारू. मी सरळ बोलते, शामराव. सोमवारी म्युन्शिपालटीची गाडी येते. गळ्यात बिल्ला नाही म्हणजे कुत्रं बेवारशी. मी स्वतः शिपायाला वर घेऊन येईन. राजाराम माझ्या गावचा आहे, त्याला काय सांगायचं ते मी सांगेन."

"तो तुरुंगात आहे हो."

"म्हणून तर म्हणते. सुटून येऊन हे असलं बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं."

सोमवारपर्यंत मध्ये चार दिवस होते. शामरावांनी राजारामाला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय राजाराम, मुकादमाची तब्येत" एवढं लिहून फाडलं. "तेलाबद्दल थोडं विचारायचं होतं" असं लिहून तेही फाडलं. त्यांचं पत्र जाण्याआधी दुसऱ्या दिवशी राजारामाचंच पत्र आलं, तुरुंगाचा शिक्का मारलेलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. जेवण बरं आहे, भजनं म्हणतो, काळजी नसावी. आणि शेवटी, सांगणाऱ्याच्याच शब्दांत: "मुकादमाक तेल लावतास मा? डबो संपलो तर साचेखात्यात मागून घेवा. दुसरा काय करू नको."

दुसरा काय करू नको. शामरावांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. माणसाने विश्वासाने ठेवायला दिलेल्या जनावराच्या बाबतीत त्याचा शब्द मोडणं, आणि तेही तो तुरुंगात असताना, ही त्यांच्या दृष्टीने जवळजवळ चोरी होती. पण शब्द पाळला तर सोमवारी कुत्रा जाणार. मुकादम त्यांच्या पायाशी बसून उजवा पाय चघळत होता, तोंडातून ओला आवाज येत होता. शामरावांनी डबा उचलला, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं. मग ते चप्पल घालून कोंडीरामांकडे गेले.

कोंडीराम जाधव मागच्या चाळीत राहत. परळच्या जनावरांच्या इस्पितळात ते वीस वर्षं कामाला होते. गोठ्यातली म्हैस अडली, व्हिक्टोरियाच्या घोड्याला पोटशूळ उठला, की भोईवाड्यातली माणसं डॉक्टरच्या आधी त्यांना हाक मारत. दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तेव्हापासून काही घरांत लोक त्यांच्याशी जरा जास्तच सांभाळून बोलायचे, आणि ते त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहायचं नाही.

शामरावांचं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी एक विडी संपवली.

"आणा ना बघू त्याला. की मी येऊ?"

"या. वरच या. चहा..."

"चहा नंतर. आधी रोगी."

कोंडीरामांनी मुकादमाला गॅलरीत उजेडात उभं केलं. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, कोपरं बघितली, मग पोट, काखा आणि पायांची बोटं फाकवून बघितली. आनंदीबाई मशेरीचं बोट तसंच ठेवून बघत होत्या. चाळीतली आणखी दोन-तीन दारं उघडली.

"लूत नाय ही," कोंडीराम म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?" आनंदीबाई.

"बाई, लूत कानाच्या कडेला बसते. कोपराला बसते. कड अशी चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हलतो. हा बघा, हलला का? नाही. आणि लूत नवरात्र बघून येत नाय, संक्रांत बघून जात नाय. हे कुत्रं पाय खातंय, काखा खातंय, कान झाडतंय. आत दुसरंच काहीतरी आहे. डॉक्टरला दाखवा." मग शेवंतीकडे बघून ते जरा थांबले. "हिला मात्र खरूज आहे. माणसाची. घरात आणखी कोणाला आहे?"

आनंदीबाईंनी स्वतःचा डावा हात पदराखाली घेतला, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

शनिवारी शामरावांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. तेवीस वर्षांत दुसऱ्यांदा. साहेबाने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी "घरी आजारी आहे" असं सांगितलं, आणि कोण आजारी आहे असं त्याने विचारलं नाही म्हणून देवाचे आभार मानले.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने कुत्र्याच्या अंगाला हात लावला आणि हात हुंगला.

"हे काय चोपडलंय?"

शामरावांनी सांगितलं. डॉक्टर रागावला नाही, पण लेखणी खाली ठेवली.

"हे त्याच्या पोटात जातंय, कळतंय ना? यंत्राचं तेल. ओकतो का?"

"दोनदा."

"आजच बंद करा. कातडीतून जातं आणि चाटून जातं. खाजेपेक्षा हेच त्याला आधी मारेल."

शामरावांना वाटलं आता निघावं. पण कोंडीराम मागे उभे होते आणि त्यांनी हळूच कोपर मारलं. शामरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मी... हे काही शास्त्रीय नाही. चुकलंही असेल. फक्त रेघा आहेत."

डॉक्टरने कागद घेतला. आधी उभ्याउभ्या बघितला, मग खुर्चीत बसला. सोमवारांवरून बोट फिरवलं. "आणि इथे कमी का?"

"त्या रविवारी मला ताप होता. शिवडीला गेलो नाही."

"तिथे काय आहे?"

"गवत. तुरे आलेलं."

डॉक्टरने कागद कोंडीरामांना दाखवला. "बघ रे, आपल्याकडे येणारी माणसं सांगतात, साहेब, कधीतरी खाजवतो, पुष्कळ खाजवतो. आणि हे बघ." मग तो शामरावांकडे वळला आणि प्रथमच सावकाश बोलला. काही माणसांना जशी ठरावीक दिवसांत सर्दी होते, दमा उठतो, तसं काही कुत्र्यांना होतं. गवताच्या तुऱ्यांतली भुकटी अंगाला लागते, नाकात जाते, आणि माणूस शिंकतो त्या जागी कुत्रा खाजवतो. पाय, पोट, काखा, कान. पावसानंतर तुरे येतात तेव्हा सुरू होतं आणि गवत वाळून कापलं की थांबतं. तेल लावा, नाहीतर नुसते बघत बसा.

"म्हणजे संक्रांतीला जातं ते..."

"ते संक्रांतीला जातंच."

"आणि औषध?"

"बरं होणारं नाही हे. दरवर्षी येणार. सांभाळायचं असतं. आधी हे तेल साबणाने काढा, कोमट पाण्याने, दोनदा. मग आठवड्यातून एकदा साध्या गार पाण्याने अंघोळ. बाहेरून आणलात की दर वेळी चारी पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसा, बोटांच्या मध्येसुद्धा. गवतात न्यायचं नाही, रस्त्याने न्या. फार खाजवलंच तर या गोळ्या, मी लिहितो तेवढ्याच. कानाला वास आला किंवा पू दिसला तर घेऊन या. आणि पुढच्या वर्षी," त्याने कागदावर टिचकी मारली, "नवरात्राची वाट बघू नका. गणपती गेले की सुरू करा."

डॉक्टरने कागद परत दिला, मग पुन्हा मागून घेतला, पाठच्या बाजूला काहीतरी लिहून सही केली. खाली उतरल्यावर शामरावांनी वाचलं. कुत्र्याला संसर्गजन्य रोग नाही, एवढंच होतं. ते वाक्य आनंदीबाईंसाठी होतं, हे डॉक्टरला कसं समजलं, ते त्यांना कोडंच होतं. कोंडीराम विडी पेटवत दुसरीकडे बघत होते.

तेल काढायला रविवारची अख्खी दुपार गेली. नळाचं पाणी गेलं की चाळीत भांडणं होतात, म्हणून शामरावांनी सकाळीच चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. कोंडीरामांनी धरायचं, शामरावांनी चोळायचं. मोरीतून काळं पाणी वाहत गॅलरीच्या पन्हळीत गेलं आणि खालच्या मजल्यावरून शिव्या आल्या. शेवटच्या बादलीला मुकादमाचे पाय पुन्हा पांढरे झाले. त्याने अंग झाडलं तेव्हा कोंडीरामांचा सदरा ओला झाला, आणि मग त्यांनी चहा घेतला, शामरावांच्याच कपातून.

सोमवारी गाडी आली आणि गेली. मुकादमाच्या गळ्यात पट्टा होता, आतून मऊ फडकं लावलेला. आनंदीबाई खाली उतरल्या नाहीत. दोन दिवसांनी त्या शेवंतीला आणि सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि आठवडाभर त्यांच्या घरातून गंधकाच्या मलमाचा वास येत राहिला. एकदा शामराव गॅलरीत कुत्र्याचे पाय पुसत होते, तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या, "एवढी सेवा माझ्या मुलानं माझी नाही केली," आणि आत गेल्या.

राजारामाला शामरावांनी एकच ओळ पाठवली: मुकादम बरा आहे. ती खोटी नव्हती. पण पत्र पेटीत टाकताना त्यांना वाटलं, की खरं बोलण्याच्या जागेवरून आपण पाय घसरल्यासारखे पुढे गेलो.

रेघा कमी होत गेल्या. डिसेंबरच्या मध्यात एका सोमवारी सहा, मग चार. शिवडीचं गवत वाळून कोणीतरी कापून नेलं असं कोंडीरामांनी सांगितलं. नाताळ उलटल्यावर काही संध्याकाळी कागद कोराच राहू लागला, तरी शामराव सात ते साडेसात बसत. पोटावर नवे केस आले होते.

डबा मात्र खाटेखाली होता. महिनाभरात चार बोटं तेल संपलं होतं, बाकी सगळं तसंच. राजाराम येईल, कुत्रा बघेल आणि खूश होईल. तेल संपलेलं दिसलं तर आणखी खूश होईल. एका दुपारी शामरावांनी डबा उचलून मोरीपर्यंत नेला. ओतला असता तर कोणालाच काही समजलं नसतं. कोणाचं मन दुखावलं नसतं. पुढच्या नवरात्रात राजाराम साचेखात्यातून नवा डबा भरून आणेल, एवढंच. चार वर्षं तेल लावलं आणि खाज गेली, पाचव्या वर्षी शामरावांनी लावलं आणि गेली, असाच त्याचा हिशोब राहील. तेल न लावताही जाते, हे सांगणारं वर्ष हे एकच होतं, आणि ते मोरीत ओतायला डबाभर तेलाइतकाच वेळ लागणार होता. मुकादम दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. शामरावांनी डबा परत खाटेखाली ठेवला. ठरवलं असं नाही, पण ओतवलंही नाही.

राजाराम संक्रांतीनंतर आठ दिवसांनी सुटून आला. वाळलेला दिसत होता, दाढी वाढलेली. मजला सगळा गॅलरीत जमला. आनंदीबाईंनी डब्याच्या तळाशी उरलेला तिळगूळ त्याच्या हातावर ठेवला. मुकादमाने आधी त्याची पिशवी हुंगली, मग चप्पल, आणि मग असा काही ओरडत अंगावर गेला, की राजाराम खाली बसलाच.

त्याने कुत्र्याला उताणं केलं, पोट बघितलं, बोटं फाकवून पाय बघितले.

"बघलास!" तो सगळ्यांना म्हणाला. "ह्येका म्हणतत तेल! डाग नाय ऱ्हवलो. आनंदीकाकी, तू दरवर्सा लूत म्हणी होतंस मा?"

आनंदीबाईंनी शामरावांकडे बघितलं. जिन्याजवळ कोंडीराम उभे होते, तेही शामरावांकडे बघत होते. दोघंही बोलणार नव्हते. सांगायचं ते शामरावांनीच.

शामराव आत गेले. लोकांना वाटलं चहा आणताहेत. ते खाटेखालचा डबा घेऊन बाहेर आले आणि राजारामासमोर ठेवून झाकण काढलं.

"महिनाभर लावलं," ते म्हणाले. आवाज फार बारीक निघाला म्हणून त्यांनी घसा खाकरून पुन्हा सांगितलं. "महिनाभर लावलं. मग बंद केलं. तो चाटत होता, ओकत होता. मी... तुमचं पत्र आल्यानंतर बंद केलं. आल्यानंतर. हे सांगायला हवं."

राजारामाने डब्यात बघितलं. हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"मी तुमका सांगलंय काय, नि तुमी केलात काय," तो म्हणाला. "मी थंय आत बसान रोज म्हणी होतंय, शामराव आसत, काळजी नाय."

"हो."

"मगे गेला कसा ह्या?"

शामरावांना गवत, तुरे, भुकटी, डॉक्टर सगळं एकदम सांगायचं होतं आणि त्यातलं काहीच नीट येईना. त्यांनी खिशातून कागद काढून दिला. राजारामाला अक्षरओळख बेताचीच होती. पण हजेरीचा कागद मिलमधल्या कोणालाही वाचता येतो. त्याने तो गुडघ्यावर पसरला आणि डावीकडून वाचत गेला. पहिल्या सोमवारी थांबला. दुसऱ्या सोमवारी थांबला.

"ह्यो कोणाचो मस्टर?"

"मुकादमाचा. रोज संध्याकाळी सात ते साडेसात. जितकी खाजवणी, तितक्या रेघा."

"नि सोमवारीच कित्याक?"

"रविवारी शिवडीला नेत होतो. गवतात. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

राजारामाचं बोट कागदावर पुढे सरकलं. तापाचा रविवार आला, मग तेल काढल्याचा रविवार, मग एकेक आठवडा, रेघा विरळ होत जाणारा, आणि शेवटी कोरे रकाने. शेवटच्या रकान्याशी ते बोट बराच वेळ राहिलं.

"मी दरवर्सा न्हेय होतंय तेका थंय," तो म्हणाला. "रातपाळी असली तर रोज सकाळीच. गवतात लोळूक तेका आवडता म्हणान." तो थांबला. "म्हणजे खाजही मीच दिलंय, नि वरसून तेलही."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं! मलाही नव्हतं. मी नुसत्या..."

"ऱ्हवांदे," राजाराम म्हणाला. त्याने डब्याला झाकण लावलं, तळहाताने ठोकून घट्ट बसवलं. कोंडीरामांनी एक विडी पुढे केली, ती त्याने घेतली. मुकादम मधेच उठला, गॅलरीच्या टोकापर्यंत एकेका दारात डोकावून आला, आणि परत दोघांच्या मध्ये येऊन बसला.

"फुडल्या वर्साचा काय?" राजारामाने विचारलं. "डॉक्टर काय म्हणता?"

"गणपती गेले की सुरू करायचं. रोज पाय पुसायचे. गवतात न्यायचं नाही."

"मगे आयतवारचो खय न्हेवचो तेका? तेका खाडी बघूची असता."

शामरावांनी विचार केला. "बंदराच्या रस्त्याने गेलं तर गवत लागत नाही," ते म्हणाले. "गोदामांच्या बाजूने. लांब पडतं जरा. पण खाडी दिसते."

"तुमी येतलास?"

"येईन."

राजारामाने कागदाची घडी घातली, परत देण्यासाठी हात पुढे केला, मग विचार बदलून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. "ह्यो माझ्याकडे ऱ्हवांदे," तो म्हणाला. "नवो कागद आखा. मी रेघा मारीन, सात ते साडेसात. माझी पहिली पाळी असली की."